दिल्लीची जमीन, गल्लीचा कारभार

रे रोड स्टेशनातून बाहेर पडून दारूखान्याकडे चालू लागलं, की दुकानांच्या पाट्या वाचत जाव्यात. एकीवर पिनकोड ४०००१०, थोडं पुढे दुसरीवर ४०००३३. कुठे रे रोड लिहिलेलं, कुठे माझगाव, कुठे नुसतंच दारूखाना. सरकारदरबारी रस्त्याचं नाव या सगळ्यांहून निराळं आहे, बॅरिस्टर नाथ पै मार्ग. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या आणि राजापुरातून तीनदा लोकसभेवर निवडून गेलेल्या या कोकणच्या खासदाराचं नाव इथे शोभतंही, कारण या भागात कोकणातून आलेल्या माणसांची कमतरता कधीच नव्हती. पण टॅक्सीवाल्याला नाथ पै मार्ग सांगून बघा. तो विचारतोच, ‘म्हणजे रे रोड ना?’

इथली खरी वेस म्हणजे हार्बर लाइनचे रूळ. पश्चिमेला घोडपदेव, काळाचौकी, पुढे लालबाग. चाळी, गिरण्यांची जुनी आवारं आणि न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने बांधलेल्या गिरणी कामगारांच्या इमारती. पूर्वेला गोदामं, लोखंड, ट्रक, वखारी आणि त्यांच्या मागे कुठेतरी समुद्र. तो दिसत नाही, पण ओहोटीला त्याचा वास येतो. लकडी बंदर, कौला बंदर, कोळसा बंदर, पावडर वर्क्स बंदर. कुठल्या धक्क्यावर काय उतरायचं हे नावातच सांगून टाकलंय. दारूखान्यातली दारूही बाटलीतली नव्हे, बंदुकीची.

यातली बरीच जमीन सव्वाशे वर्षांपूर्वी जमीन नव्हतीच. माझगाव ते शिवडीच्या किनाऱ्यावर १९०८ ते १९१२ दरम्यान ५८३ एकरांचा भराव घातला गेला. हे काम पोर्ट ट्रस्टचं, म्हणून जमीनही पोर्ट ट्रस्टची. कुर्ल्याहून रेल्वे आली ती १२ डिसेंबर १९१० रोजी, आणि इथेच संपली. व्हीटीपर्यंत गाडी जायला १९२५ उजाडलं. आज घाईत उतरून घाईत निघून जाण्याचं हे स्टेशन चौदा वर्षं शेवटचं स्टेशन होतं. ते शहराच्या वारसा यादीत आहे, हे फलाटावर विचारलेल्या चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

आता हे रे कोण? डोनाल्ड मॅके, अकरावे लॉर्ड रे. जन्म नेदरलँड्समधल्या हेगचा, काही वर्षं तिथल्या संसदेतही बसलेले. मग वारशाने स्कॉटलंडची सरदारकी आली आणि १८८५ ते १८९० मुंबईची गव्हर्नरी. रे हे स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाचं एक लहान गाव. गंमत अशी, की ज्या १८८८ च्या कायद्यावर मुंबई महापालिका आजही चालते, तो याच गव्हर्नराच्या कारकिर्दीत झाला. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी कायदेमंडळात त्याच्या मसुद्यावर मेहनत घेतली. आणि ज्यांच्या काळात शहराला नगरराज्य मिळालं, त्यांच्याच नावाच्या रस्त्यालगत ते नगरराज्य अडखळतं.

कारण जमिनीचा मालक केंद्र सरकारचा. १८७३ साली स्थापन झालेला पोर्ट ट्रस्ट २०२१ च्या कायद्यानंतर ‘प्राधिकरण’ झाला (बोलण्यात अजून ‘पोर्ट’च), आणि तो उत्तर देतो दिल्लीतल्या मंत्रालयाला. २०१८ मध्ये राज्य सरकारने पोर्टलाच त्याच्या जमिनीचं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं, तेव्हा इथे काय बांधायचं हे ठरवण्याचं कामही महापालिकेच्या हातून गेलं. महापालिकेचा ई विभाग भायखळ्याला बसतो, शेजारचा एफ दक्षिण परळला. रूळ मध्य रेल्वेचे, वीज बेस्टची. वर मुंबई शहर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी आहेतच. पण त्या जिल्ह्याला ना तालुका, ना जिल्हा परिषद. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगायला अर्धा तास लागतो. एका खड्ड्याबद्दल विचारायला एका कार्यालयात गेल्यावर उत्तर मिळालं, ‘आमच्या हद्दीत नाही.’ कुणाच्या हद्दीत, तर पलीकडे बोट.

खड्ड्याचं ठीक आहे, गाडी वळवून नेता येते. पाण्याचं तसं नाही. कौला बंदरची वस्ती पोर्टच्या जमिनीवर, म्हणजे राज्याच्या झोपडपट्टी नियमांच्या बाहेर. ‘पुकार’ या संस्थेच्या अभ्यासकांनी तिथे वर्षानुवर्षं पाहणी केली आणि लोक लांबच लांब पाइपांनी आलेलं पाणी महापालिकेच्या दराच्या कितीतरी पट पैसे देऊन विकत घेतात, हे मांडलं. वस्ती अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही, असं डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं. गल्लीत निळे पिंप मात्र आजही दारोदार आहेत, आणि त्यांच्यावर झाकणाऐवजी जहाजातून निघालेले प्लायवूडचे तुकडे.

जहाजं हे दारूखान्याचं खरं पीक. उधाणाच्या भरतीला जहाज किनाऱ्याला लावायचं आणि ओहोटीत गॅसकटर लावून कापायला घ्यायचं. १९७१ च्या युद्धातली ‘विक्रांत’ इथेच आली आणि नोव्हेंबर २०१४ पासून तिचे तुकडे झाले. तिच्या पोलादाचा अंश घालून बजाजने २०१६ मध्ये मोटारसायकल काढली. ‘विक्रांतवर बसलो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. विक्रांत कापली कुठे, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असतं.

त्याच गल्लीत रत्नागिरीकडचे एक काका वायररोपला डोळे बांधत बसतात. क्रेनच्या हुकात अडकवायचा तो फासा म्हणजे डोळा. पोलादी दोराला सहा पेड, मधे तागाचा गाभा. काका टोक उकलून सहाही पेड मोकळे करतात, दोर वळवून लोखंडी सुवा घुसवतात आणि एकेक पेड मूळ दोरात ओवत जातात. पेड खेचताना पायाचा अंगठासुद्धा कामाला येतो. सुवा बाहेर काढायच्या आत पेड आत गेला पाहिजे, नाहीतर बोट जातं. उजव्या तळहातावर जुन्या तारांचे व्रण रांगेने आहेत. आता प्रेसमध्ये ॲल्युमिनियमची कडी दाबून डोळा दोन मिनिटांत होतो, हे ते स्वतःच सांगतात. तरी काही गिऱ्हाइकं हातचाच मागतात. का? ‘हाताचा सुटायला लागला की आधी दिसतो,’ काका म्हणाले, आणि पुन्हा सुवा उचलला.

त्यांच्या डोक्यावरून शहर भराभर पुढे चाललंय. २०१३ मध्ये पूर्व मुक्तमार्ग आला. २०२५ च्या मे महिन्यात रुळांवर तारांनी तोललेला नवा पूल सुरू झाला, ‘महारेल’ने बांधलेला. संध्याकाळी त्याच्या केबलींवर दिवे लागले, की पोरं फोटो काढायला येतात. पोर्टच्या जमिनीवर उद्या काय काय होणार, याची चित्रं गेली कित्येक वर्षं छापून येताहेत. त्या चित्रांत हिरवळ असते, बोटी असतात, सायकली असतात. भंगाराचा टेम्पो कधी दिसला नाही.

पुलाच्या केबली बघून काका म्हणाले, ‘त्या तारा वेगळ्या. त्यांना डोळा लागत नाही.’ मग तयार झालेल्या चार दोरांची जुडी बांधून त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला आणि त्यावर खडूने मोबाइल नंबर आणि एकच शब्द लिहिला, दारूखाना. पिनकोड कुठला, असं विचारल्यावर त्यांनी वर पाहिलं. ‘टेम्पोवाल्याला कशाला लागतो तो?’