पाण्यातली पंधरा मिनिटे

आमच्या आपांना दोन वर्षांच्या असताना पोलिओ झाला. उजवा पाय बारीक राहिला. लहानपणी अब्बा त्यांना दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यांवर न्यायचे; गंधकाच्या पाण्याने पायात जीव येईल ही आशा. तो आला नाही. आपा कॅलिपर लावून शिकल्या, शिक्षिका झाल्या. म्हणून पन्नाशी उलटल्यावर फिजिओथेरपिस्टबाईंनी पाण्यातले व्यायाम सुचवले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "पुन्हा उन्हवरे का?"

आता प्रश्न वेगळा होता. वर्षभरात आपांचा चांगला पायही थकू लागला होता. जिना नकोसा झाला, नमाज खुर्चीवर आली. पोलिओनंतर कित्येक वर्षांनी असे होऊ शकते, हे आम्हाला तेव्हा कळले. आजारातून वाचलेल्या मज्जापेशी मेलेल्यांचेही काम आयुष्यभर ओढतात आणि शेवटी दमतात. अशा स्नायूंना हालचाल हवी, पण भार नको. पाणी नेमके तेच करते. कमरेइतक्या पाण्यात शरीराचे वजन जवळजवळ निम्मे होते, छातीइतक्या पाण्यात सुमारे एकतृतीयांश. पाणी मात्र ३३ ते ३५ अंश कोमट लागते. पोलिओचा पाय आधीच थंडगार. गार तलावात तो आखडतो.

खरी अडचण पुढेच होती. केंद्रात बायका-पुरुषांची वेळ एकच, व्यायाम घेणारा पुरुष. आपांनी सरळ नकार दिला. आम्ही व्यवस्थापकांना भेटलो. ते म्हणाले, "बायका जमवा, वेळ देतो." आम्हाला वाटले, आपल्याच मोहल्ल्यात फिरावे लागेल. प्रत्यक्षात पहिले नाव दिले ते खुब्याचे ऑपरेशन झालेल्या शेजारच्या काकूंनी. लाज काही एकट्या आमच्या घरची नव्हती! सहा जणी झाल्या, बुधवार-शनिवार ठरले, शिकवायला बाई आल्या. सुती सलवार पाणी पिऊन जड होते आणि पायांत अडकते, म्हणून अंगभर नायलॉनचा पोशाख शिवून घेतला.

पहिल्या दिवशी आपा कॅलिपरशिवाय, कुबडीशिवाय, कठड्याला नुसती बोटे टेकवून चालल्या. अम्मी काठावर बसून रडत होत्या. आपा बाहेर यायलाच तयार नव्हत्या. पाऊण तास झाला. आम्हीही थांबवले नाही, ही चूक आमची. पुढचे तीन दिवस त्यांना पलंगावरून उठवत नव्हते. पाण्यात थकवा जाणवत नाही, बाहेर आल्यावर तो वसूल होतो. तेव्हापासून पंधरा मिनिटे, मध्ये विसावा. दुसऱ्या दिवशी अंग दुखले तर पुढच्या वेळी आणखी कमी.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९२१ मध्ये पांगळे झाले. १९२४ पासून ते जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे पोहायला जात. पाण्यात त्यांना उभे राहता येई, पण जमिनीवर आधाराशिवाय ते पुन्हा कधी चालले नाहीत. तरीही त्यांनी ती जागाच विकत घेतली आणि इतर पोलिओग्रस्तांसाठी खुली केली. आपांना ही हकीकत फार आवडते.

कुणी विचारले तर आम्ही आधी डॉक्टरांकडेच पाठवतो. उघडी जखम, ताप, हृदयाचा त्रास किंवा फिट्स असतील तर परस्पर पाण्यात उतरू नये. मणक्याच्या इजेने पायाची संवेदना गेली असेल तर गरम झऱ्यात पाय सोडणे धोक्याचेच; पोळलेले कळत नाही. आणि पाण्यापेक्षा जास्त लोक पडतात ते ओल्या फरशीवर.

आपांचा पाय तसाच आहे, कॅलिपरही. जिना त्या मध्ये एकदा थांबून चढतात. केंद्राच्या दारातल्या दोन पायऱ्यांवर मात्र अजून उतार नाही. सहाही जणींच्या सह्यांचा अर्ज गेल्या शनिवारी दिला आहे.