मे महिन्याची राखण

दासगावच्या बंदरावर उभं राहिलं की सावित्रीचा दुहेरी स्वभाव लगेच कळतो. वरून महाबळेश्वरचं पाणी येतं, खालून बाणकोटच्या खाडीतून समुद्र चढतो. दिवसातून चारदा इथलं पाणी दिशा बदलतं. या खाडीकाठी वाढलेल्या पोराला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. मे महिना आला की कोकणातल्या कित्येक घरांत चार पैसे येतात ते याच जाणकारीवर. किनाऱ्यावरचा जीवरक्षक, फेरीबोटीवरचा खलाशी, कासवांच्या अंड्यांची राखण करणारा, रायगडाच्या पायऱ्यांवर ताक विकणारी बाई, ही सगळी हंगामी माणसं. सुट्टीला आलेला पाहुणा त्यांच्या भरवशावर निर्धास्त असतो. तरी त्यांच्या कामाला कौशल्याचं काम म्हणून कुणी धरत नाही, आणि मला वाटतं, यात आपलंच मोठं नुकसान आहे.

हंगामी काम दासगावला नवं नाही. एके काळी मुंबईच्या आगबोटी खाडीतून इथवर यायच्या. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ‘पद्मावती’ बोटीने दासगावलाच उतरले. बंदरावर वाट पाहत थांबलेले सत्याग्रही तिथून पाचेक मैल चालत महाडला गेले. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरची ही बोटवाहतूक बंद असायची. त्यामुळे पडाववाले, हमाल, बैलगाडीवाले यांची खरी कमाई नारळी पौर्णिमेनंतर सुरू व्हायची आणि मृगाच्या आत संपायची. पुढे रस्ते झाले, खाडीत गाळ साचत गेला, बोटी थांबल्या. वर्षाचं चक्र मात्र फारसं बदललं नाही. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे खेळ पावसाळाभर थांबवले जातात, आणि ज्यांचं पोट पाण्यावर चालतं त्यांना उरलेल्या महिन्यांत बारा महिन्यांची तजवीज करावी लागते.

सावित्री समुद्राला मिळते तिथे उत्तरेला हरिहरेश्वर आणि बागमांडला, तर दक्षिणेला बाणकोट आणि वेसवी. बागमांडला-वेसवी फेरीबोट मे महिन्यात गाड्यांनी खच्चून भरते. गाडी चढवताना चाक कुठे थांबवायचं, कुठल्या बाजूला वजन जास्त झालंय, हे फळीवर उभा असलेला पोरगा शिट्टी आणि हातवाऱ्यांनी सांगत असतो. तिथून वर श्रीवर्धन आणि दिवेआगरपर्यंत किनारा गजबजलेला असतो: घोडागाड्या, उंट, शहाळी, भेळ, केळ्याच्या आकाराच्या रबरी होडीवर किंचाळणारी मुलं. या सगळ्या गर्दीत पाण्याकडे तोंड करून बसलेली माणसं एक-दोनच असतात.

जीवरक्षकाचं काम लांबून आरामाचं वाटतं. जवळून पाहिलं तर तो सतत डोकी मोजत असतो. सिनेमात बुडणारा माणूस हात उंचावून ‘वाचवा’ म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात बुडणारा ओरडत नाही, कारण त्याच्याकडे ओरडण्याइतका श्वासच उरलेला नसतो. तोंड पाण्याच्या रेषेशी, मान मागे कललेली, केस डोळ्यांवर आलेले आणि ते मागे सारायला हात मोकळा नाही. शेजारी उभ्या असलेल्या बापालाही वाटतं, पोर खेळतंय. ही खूण ओळखणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे माणूस पाण्यात जाण्याआधीच त्याला अडवणं, आणि त्यासाठी पाणी वाचावं लागतं.

आमच्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकरा-बाराच्या सुमारास समुद्र काठोकाठ आणि तिथून संध्याकाळपर्यंत ओहोटी. शिवाय ते दिवस उधाणाचे, त्यामुळे ओढही सर्वांत मोठी. आता पर्यटकाचं वेळापत्रक पाहा. सकाळी निघायचं, मासे जेवायचे आणि दुपारी पाण्यात उतरायचं. पौर्णिमेला जोडून रविवार आला की तो नेमका उतरत्या पाण्यात कमरेइतका उभा असतो.

किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी परत जाताना एखाद्या चिंचोळ्या वाटेने वेगाने आत खेचलं जातं. त्या पट्ट्यात लाट फुटत नाही. आजूबाजूला फेस असताना तेवढाच भाग गडद आणि शांत दिसतो, आणि पोहायला जागा बरी म्हणून नवखा माणूस तिकडेच जातो. खेच लागली की किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं. पोहता येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगायचं आणि एक हात वर करायचा. एवढं फलकावर लिहून भागत नाही, कारण ती वाट जागा बदलत राहते. त्यासाठी तिथे ओळखणारा माणूसच हवा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर जीवरक्षकांचा प्रश्न ऐरणीवर आला. तरी आजही अनेक किनाऱ्यांवर हे काम तुटपुंज्या मानधनावर, हंगामापुरत्या नेमणुकीवर चालतं. पोहता येतं एवढ्यावर पोरगा निवडला जातो आणि गळ्यात शिट्टी अडकवली जाते.

शेजारच्या गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी, प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था उभी केली. राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही गोव्यातच आहे, आणि तिथे जीवरक्षकांचे व बोटचालकांचे रीतसर अभ्यासक्रम चालतात. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या बॉन्डी किनाऱ्यावर १९०७ साली स्थानिक पोहणाऱ्यांनीच एकत्र येऊन जीवरक्षक मंडळ काढलं. ब्रिटनमध्ये बोटींवरून माणसं वाचवणारी जुनी संस्था २००१ पासून उन्हाळ्यात किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमते. तिकडच्या तरुणाने असा एक उन्हाळा काढला की ती त्याची कमावलेली पात्रता मानली जाते. आपल्या पोराने पाच उन्हाळे काढले तरी त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो.

हंगामी कामाला मान दिला तर काय होतं याचा दाखला सावित्रीच्या मुखाशीच आहे. वेळास हे बाणकोटजवळचं छोटं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. पूर्वी कासवाची घरटी माणसं उकरायची, उरलेली कोल्ही-कुत्री. आता हिवाळ्यापासून कासवमित्र पहाटे वाळू तुडवत निघतात. मादीच्या वल्ह्यासारख्या पायांचा माग वाळूत उमटलेला असतो. त्या मागाच्या टोकाला काठीने हलकेच चाचपायचं, वाळू जिथे भुसभुशीत लागेल तिथे हाताने उकरायचं. शंभर-सव्वाशे अंडी निघतात, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. ती सावकाश उचलून कुंपणातल्या तितक्याच खोल खड्ड्यात ठेवायची. साधारण पन्नास दिवसांनी वाळू खचते आणि पिल्लं वर येतात. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, उकडीचे मोदक आणि सोलकढी घेतात, पिल्लं समुद्राकडे सरकताना पाहतात. म्हणजे राखण करणारा, रांधणारी आणि माहिती सांगणारा, तिघांच्याही घरात पैसा आला. आणि गावात या कामाला कुणी हलकं मानत नाही.

डोंगराकडची गोष्ट वेगळी. महाडहून पंचवीसेक किलोमीटरवर रायगड. १९९६ मध्ये हिरकणीवाडीहून रज्जुमार्ग सुरू झाला, तरी मे महिन्यात आणि ६ जूनच्या शिवराज्याभिषेक दिनाला पायऱ्यांची वाट माणसांनी फुललेली असते. सुमारे दीड हजार पायऱ्या. चढणाऱ्याला वाटेत ताक, लिंबूसरबत मिळतं, पण ते तिथे येतं कसं? पाचाड, हिरकणीवाडीच्या बायका पहाटे डोक्यावर हंडे घेऊन चढलेल्या असतात. उन्हाने कुणाला भोवळ आली तर पहिलं पाणी त्याच पाजतात. सुट्टी लागलेली शाळकरी मुलंही करवंदांचे द्रोण घेऊन बसतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. घरच्या कामात शाळेचे तास सोडून आणि सुट्टीत मदत करण्याची तेवढी मुभा आहे. आईशेजारी बसून करवंदं विकणं आणि कुणाच्या टपरीवर दिवसभर राबणं यातला फरक पाहुण्यानेही ओळखावा.

पण दासगावचा माणूस म्हणून माझं मन अडकतं ते जूननंतर काय, या प्रश्नात. जीवरक्षकाचा हंगाम संपतो तेव्हा आमचा सुरू होतो. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांना पूर आलेला असताना खालून उधाणाची भरती चढली की पाण्याला जायला वाट उरत नाही आणि महाड बुडतं. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या, आणि शोध दासगावावरून खाली थेट खाडीच्या मुखापर्यंत घ्यावा लागला. जुलै २०२१ मध्ये महाड पुन्हा पाण्याखाली गेलं. प्रत्येक वेळी बाहेरची पथकं पोचेपर्यंत पहिले काही तास गावच्याच पोहणाऱ्यांनी आणि होडीवाल्यांनी निभावले.

माणूस तोच, पाणी तेच. मे महिन्यात श्रीवर्धनला शिट्टी वाजवणारा पोरगा जुलैत महाडच्या बाजारपेठेत दोर टाकू शकतो. आपत्ती व्यवस्थापनाची ‘आपदा मित्र’ योजना आहेच. देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं तिचं उद्दिष्ट ठरलं होतं. तिची सांगड किनाऱ्यावरच्या नोकरीशी घातली तर ऑक्टोबर ते मे समुद्रावर आणि जून ते सप्टेंबर तालुक्याच्या पूरपथकात, असं बारमाही काम उभं राहील. किनाऱ्यावर वाहनतळाचे पैसे जमा होतात, त्यातला ठरावीक वाटा पगारासाठी बाजूला काढता येईल.

प्रशिक्षणासाठीही लांब जायला नको. डिसेंबरात आमची खाडी शांत असते, ओढ शिकवायला पुरेशी आणि पोरांना जपायला सोयीची. नौदलातून आणि व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेली माणसं कोकणात गावोगाव आहेत. दोन होड्या, दोर, तरंगती कडी आणि प्रथमोपचार शिकवणारा एक डॉक्टर, एवढ्यावर पहिला वर्ग येत्या हिवाळ्यात दासगावच्या बंदरावर भरू शकतो.