औषधाची वाट मूत्रपिंडातून

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाला ज्या दिवशी सिस्प्लॅटिन हे औषध द्यावयाचे असते, त्या दिवशी सकाळी त्याच्या शिरेतून प्रथम सलाईन जाऊ लागते. त्यात पुष्कळदा मॅग्नेशियम मिसळलेले असते. मग औषधाची पिशवी लागते, ती संपली की पुन्हा सलाईन. आणि या साऱ्या काळात रुग्णाला लघवी किती झाली याचा हिशेब परिचारिका मापाच्या भांड्यावरची रेघ पाहून कागदावर टिपून ठेवीत असते. औषध एक-दोन तासांचे, मग त्याच्या मागेपुढे इतके पाणी कशासाठी, हा शेजारी बसलेल्या नातलगांचा प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे समाधानकारक उत्तर द्यावयाचे तर गेल्या साठ वर्षांतील कर्करोग-संशोधनाचा एक संपूर्ण अध्याय उलगडावा लागतो.

या अध्यायाचा प्रारंभ अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात झाला. बार्नेट रोझेनबर्ग हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. पेशीचे विभाजन होत असताना तिच्यात दिसणारी तंतुरचना चुंबकाभोवतीच्या बलरेषांसारखी भासते, तेव्हा विद्युत्क्षेत्राचा विभाजनावर काही परिणाम होतो काय, असा त्यांना पडलेला प्रश्न होता. तो पडताळून पाहण्यासाठी त्यांनी जंतूंच्या द्रावणात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवून विजेचा प्रवाह सोडला. प्लॅटिनम हा निष्क्रिय धातू, तो कशात मिसळावयाचा नाही, या भरवशावरच त्याची निवड झालेली होती. जंतू मेले नाहीत. ते विभागले जाईनात, मात्र लांबीने वाढतच राहिले आणि मूळच्या तीनशेपटीपर्यंत लांबलचक तंतू बनले. यामागे वीज नसून त्या ‘निष्क्रिय’ धातूपासून द्रावणात तयार झालेले एक संयुग आहे, हे कसून शोध केल्यावर उमगले. १९६५ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. ते संयुग, म्हणजेच सिस्प्लॅटिन, इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेयरोने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच बनविलेले होते. शतकाहून अधिक काळ ते रसायनशास्त्राच्या दप्तरी पडून होते आणि त्याच्यात औषधी गुण असेल अशी शंकाही कोणास आलेली नव्हती.

पुढे उंदरांच्या गाठी या औषधाने विरघळल्या आणि १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी ते माणसांना देऊन पाहण्यात आले. गाठी माणसांच्याही आटू लागल्या. परंतु कित्येक रुग्णांची मूत्रपिंडे इतकी बिघडली की औषध गुणकारी ठरूनही ते सोडून द्यावे की काय, अशी परिस्थिती उत्पन्न झाली. येथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. सिस्प्लॅटिनच्या इतिहासात रोझेनबर्ग यांचे नाव सर्वत्र येते आणि ते यावयासच हवे. पण ज्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून भरपूर द्रव आणि मॅनिटॉल हे लघवी वाढविणारे द्रव्य दिल्यास मूत्रपिंड वाचते व औषधाचा गुण कमी होत नाही असे दाखवून दिले, त्या न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग येथील चिकित्सकांवाचून हे औषध रुग्णापर्यंत पोहोचलेच नसते. इंडियाना विद्यापीठातील लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ पासून दोन अन्य औषधांच्या जोडीने सिस्प्लॅटिन देऊन वृषणाचा पसरलेला कर्करोग, जो तोवर तरुण पुरुषांना बहुधा प्राणघातक ठरत असे, बहुसंख्य रुग्णांत बरा होण्याजोगा केला. १९७८ साली अमेरिकन सरकारने औषधास मान्यता दिली. या यशाच्या पाठीशी ते साधे सलाईन उभे आहे.

मूत्रपिंडच का बळी पडते, याचा उलगडा प्रयोगशाळेने केला, आणि तो मोठा उद्बोधक आहे. सिस्प्लॅटिनच्या रेणूत प्लॅटिनमच्या अणूस दोन क्लोराइड चिकटलेले असतात. रक्तात मिठाचे, पर्यायाने क्लोराइडचे, प्रमाण भरपूर असल्यामुळे ते जागचे हलत नाहीत व औषध शांत राहते. पेशीच्या आत क्लोराइड फारच कमी. तेथे शिरताच ते दोन सुटतात, त्यांची जागा पाणी घेते, आणि मग तोच रेणू आक्रमक होऊन डीएनएच्या साखळीस बिलगतो व तिची घडी विस्कटून टाकतो. कर्कपेशीत हे घडावे अशीच आपली इच्छा असते. परंतु आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या आहेत, दोन्ही मूत्रपिंडे मिळून त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो व त्यातील बहुतेक सारा पुढच्या नलिका पुन्हा शोषून घेतात. या नलिकांच्या पेशींवर रक्तातील काही विशिष्ट द्रव्ये उचलून आत घेणारी प्रथिने असतात, आणि दुर्दैवाने ती सिस्प्लॅटिनलाही आपलेच समजून आत ओढतात. परिणामी रक्तात असते त्याच्या कित्येक पट औषध त्या पेशींत साठते. चोर पकडण्यासाठी ठेवलेल्या पहारेकऱ्यानेच त्याला दार उघडून द्यावे, तसा हा प्रकार आहे. या पेशी दुखावल्या की मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जाऊ लागते, आणि शरीरातले मॅग्नेशियम घटले की मूत्रपिंडाची इजा अधिकच वाढते. सलाईनमध्ये ते मिसळण्याचे कारण हे.

प्लॅटिनमचेच दुसरे औषध, कार्बोप्लॅटिन, पुढे इंग्लंडमध्ये विकसित झाले. ते नलिकांना फारसे छळत नाही. गाळणीतून सरळ बाहेर पडते. म्हणूनच त्याची मात्रा रुग्णाच्या उंची-वजनावरून न काढता गाळणीच्या वेगावरून काढावी, असे हिलरी कॅल्व्हर्ट यांनी १९८९ साली सुचविले. त्यांचे सूत्र शाळकरी मुलालाही मांडता येईल इतके सोपे आहे: गाळणीच्या दर मिनिटाच्या मिलिलिटरांत २५ मिळवावयाचे आणि रक्तात औषध जितके राहावयास हवे त्या ठरीव अंकाने गुणावयाचे. तो अंक पाच असेल व गाळणीचा वेग ९५, तर ६०० मिलिग्रॅम. तोच वेग ३५ वर आलेला असेल, तर ३००. एकाच रोगाचे, एकाच अंगलटीचे दोन रुग्ण, आणि मात्रा एकास दुसऱ्याच्या निम्मी! मूत्रपिंडाचा विचार कर्करोगाच्या उपचारात किती मुळापासून करावा लागतो, याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही. मात्र वृषणाच्या कर्करोगात कार्बोप्लॅटिन सिस्प्लॅटिनची बरोबरी करू शकले नाही, आणि डोक्या-मानेच्या कर्करोगात किरणोपचारासोबत आजही पहिली पसंती सिस्प्लॅटिनलाच आहे.

तंबाखूने पोखरलेल्या आपल्या देशात तोंडाचा कर्करोग हा घरोघरचा शत्रू असल्याने सिस्प्लॅटिन कसे द्यावे या प्रश्नाचे ओझे मुंबईच्या परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयावर पडले, आणि तेथील चिकित्सकांनी ते समर्थपणे उचलले. तीन आठवड्यांतून एकदा मोठी मात्रा द्यावी की दर आठवड्याला लहान, हा वाद जुना. लहान मात्रा सोसते, मूत्रपिंडाला जपते, म्हणून अनेक ठिकाणी तीच रूढ झालेली होती. टाटामध्ये ३०० रुग्णांवर यादृच्छिक पद्धतीने तुलना करून २०१८ साली निष्कर्ष जाहीर झाला: दोन वर्षांनंतर मूळ जागी व मानेत रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण तीन-आठवडी गटात शेकडा ७३, तर साप्ताहिक गटात शेकडा ५८.५, तीव्र त्रास मात्र मोठ्या मात्रेने अधिक झाला. तेथील साप्ताहिक मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम होती. जपानी संशोधकांनी शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत ती ४० ठेवून पाहिली, तेव्हा आयुर्मर्यादेच्या दृष्टीने ती तीन-आठवडी मात्रेहून कमी ठरली नाही आणि मूत्रपिंडास इजाही कमी झाली. दहा मिलिग्रॅमच्या फरकात केवढा अर्थ दडलेला असतो, हे अशा कष्टाळू चाचण्यांवाचून कळत नाही.

आणि ज्यांना सिस्प्लॅटिन सोसणारच नाही, त्यांचे काय? मूत्रपिंड अशक्त असलेले वा ऐकू कमी येणारे असे रुग्ण आजवर बहुधा नुसत्या किरणोपचारावर ठेवले जात. टाटामध्येच ३५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशांना डोसेटॅक्सेल हे जुने, सहज मिळणारे औषध किरणांच्या जोडीला दिले, तेव्हा दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण शेकडा सुमारे ४२ वरून ५१ वर गेले. ज्यांना चिकित्साशास्त्र ‘अपात्र’ असा शेरा मारून बाजूस बसवीत असे, त्यांच्यासाठीच मुद्दाम चाचणी योजण्यात आली, हे मला त्या आकड्यांइतकेच मोलाचे वाटते. कारण जगभर नव्या औषधांच्या चाचण्यांतून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना सर्रास वगळले जाते. औषध बाजारात आल्यावर मात्र तेच लोक दवाखान्याच्या दारी उभे असतात, आणि त्यांच्या डॉक्टरांना पुराव्याऐवजी अंदाजावर मात्रा ठरवावी लागते. ही रीत बदललीच पाहिजे.

प्रयोगशाळेतही तशीच एक उणीव आहे. मूत्रपिंडाचे संरक्षण करणारी द्रव्ये उंदरांत अनेक सापडली. पण ते उंदीर तरुण, निरोगी, गाठ नसलेले, आणि त्यांना एकदाच भरमसाट मात्रा दिलेली. रुग्ण मात्र उतारवयाचा, कर्करोगाने खंगलेला, पुष्कळदा मधुमेही, आणि त्याला तेच औषध थोडेथोडे, वारंवार मिळते. शिवाय संरक्षक द्रव्याने गाठीलाही संरक्षण दिले तर सारेच मुसळ केरात! तेव्हा गाठ असलेल्या प्राण्यात, वारंवार मात्रा देऊन, मूत्रपिंड वाचले आणि गाठही आटली, अशी दुहेरी खातरजमा केल्याखेरीज असा दावा ग्राह्य धरू नये.

रुग्णांनी व आप्तांनी एवढे अवश्य करावे: रक्तातील क्रिएटिनिनचे मागचे सर्व रिपोर्ट जपून ठेवून प्रत्येक वेळी डॉक्टरांपुढे मांडावेत, कारण मूत्रपिंडाची बरीच शक्ती खर्ची पडेपर्यंत हा आकडा सामान्य मर्यादेत राहू शकतो आणि त्याची हळूहळू झालेली चढण जुने कागद पाहूनच ध्यानात येते, उपचारानंतर उलट्या, जुलाब होऊन पाणी पोटात ठरेनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी, डॉक्टरांना विचारल्यावाचून, कदापि घेऊ नये.