थापाडे लेबल, प्रामाणिक बाटली

एव्हन विल्यम्स या बर्बन व्हिस्कीच्या काळ्या लेबलवर १७८३ हे साल दिमाखाने मिरवते. अमेरिकेतल्या केंटकीत व्यावसायिक पातळीवर व्हिस्की गाळणारा पहिला माणूस एव्हन विल्यम्स आणि त्याने भट्टी लावली त्या वर्षी, असा दावा. इतिहासकार मायकेल व्हीच यांना मात्र या गृहस्थांच्या लंडन ते फिलाडेल्फिया प्रवासाची पावती सापडली, ती १७८४ ची. म्हणजे बोटीत बसण्याआधीच त्यांची भट्टी पेटली होती म्हणायची! हा ब्रँड प्रत्यक्षात आला १९५७ साली, आणि तो काढणारी हेवन हिल ही कंपनी अमेरिकेतली दारूबंदी उठल्यावर, १९३५ मध्ये, बार्ड्सटाउन गावात उभी राहिली. अमेरिकेत ही बाटली पंधरा-वीस डॉलरांच्या आसपास मिळते. वंशावळ उसनी आणि किंमत किरकोळ, तेव्हा आतला मालही तसाच असणार, अशी शंका कुणालाही येईल. पण माल खरा आहे, आणि त्याचे श्रेय कंपनीच्या सचोटीपेक्षा कायद्याकडे अधिक जाते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवात काय नसे? साधे स्पिरिट, जळकी साखर, सुक्या आलुबुखाराचा रस. खरी व्हिस्की मुरवणाऱ्यांना हा धंदा परवडेना. एडमंड टेलर यांच्यासारख्या कारखानदारांच्या रेट्यामुळे १८९७ साली ‘बॉटल्ड-इन-बॉंड’ कायदा झाला: एकाच कारखान्यात, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि ५० टक्के अल्कोहोलची व्हिस्की असेल तरच हा शिक्का. मद्याच्या शुद्धतेसाठी कायदा मागणारे हे लोक संत नव्हते. भेसळवाले स्पर्धक त्यांना नको होते, इतकेच. ‘बर्बन’ या नावाच्या अटी पुढे ठरत गेल्या. धान्यात मका किमान ५१ टक्के हवा, ऊर्ध्वपातन ८० टक्क्यांच्या वर न्यायचे नाही, पिंपात भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांहून जास्त नको, पिंप आतून जाळलेल्या नव्या ओकचेच हवे, आणि रंग किंवा स्वाद घालायला सक्त मनाई. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कींचा पाया उसाच्या मळीचे स्पिरिट असते आणि त्यांचा रंग कॅरॅमलचा. बर्बनला ही पळवाट नाही. तिचा सगळा रंग लाकडातून येतो.

मग पैसे वाचतात कुठे? धान्यात तर नाहीच. एव्हन विल्यम्ससाठी ७८ टक्के मका, १० टक्के राय आणि १२ टक्के माल्ट केलेले जव असे मिश्रण लागते, आणि याच कंपनीची महागडी एलिजा क्रेग त्याच मिश्रणातून निघते. धान्य दळून शिजवायचे, आधीच्या खेपेतले आंबट पाणी त्यात घालायचे, यीस्ट सोडून काही दिवस आंबवायचे आणि उंच स्तंभासारख्या भट्टीतून अखंड गाळायचे, ही पद्धतही तीच. फरक पडतो तो पिंपात भरल्यावर. सुमारे दोनशे लिटरचे पिंप बहुमजली गोदामात ठेवतात. केंटकीच्या उन्हाळ्यात वरचे मजले तापतात, दारू लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते आणि दरवर्षी थोडी हवेत उडून जाते. जितकी वर्षे जास्त, तितका तोटा मोठा आणि भांडवल अडकलेले. स्वस्त बाटलीत कमी वयाची पिंपे मोठ्या संख्येने एकत्र करतात आणि पाणी घालून ताकद ४३ टक्क्यांवर आणतात. एलिजा क्रेग ४७ टक्क्यांची असते. बचत वयात आणि पाण्यात आहे.

यावर जाणकार म्हणतील, वय हीच तर खरी गोष्ट. बरोबर आहे. एव्हन विल्यम्सच्या लेबलवर पूर्वी सात वर्षांचा उल्लेख असे, तो काढून टाकला गेला, आणि ही ग्राहकाची हानीच म्हणायला हवी. तरीही अशा ‘स्ट्रेट’ बर्बनवर वय लिहिले नसेल तर कायद्याने ती किमान चार वर्षांची असावीच लागते; घसरण तेथे अडते. शिवाय नव्या पिंपात व्हिस्की जितकी जुनी तितकी चांगली हे खरे नाही, कारण फार मुरली तर लाकडाचा कडवटपणा वरचढ होतो. किंमत म्हणजे दर्जा, या समजाला तर हेवन हिलच्याच दुसऱ्या बाटलीने धक्का दिला. दहा वर्षांची हेन्री मॅकेना २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पर्धेत सर्वोत्तम व्हिस्की ठरली आणि पाठोपाठ तिचा भाव चढला. त्या पिंपांतली दारू दहा वर्षांपूर्वीच गाळलेली होती. बक्षिसाने तिच्यात एक थेंबही बदलला नाही.

आपल्याकडे हा सगळा हिशेब कोलमडतो. भारताने फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले, तरी त्यावर राज्याची अबकारी बसतेच. मुंबई-पुण्याच्या दुकानात परदेशी मालाच्या फळीवर असलेली बर्बन तिथल्या गिऱ्हाइकाला उंची वाटते, ती मुख्यतः करांमुळे. केंटकीत तीच बाटली सर्वांत खालच्या फळीवर असते.