नव्या घडणीचे प्रोसेसर आणि छायाचित्र-संपादन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बऱ्हाणपूर, नेपानगर, रावेर या टापूत लग्नसराईचे फोटो काढून, ते संगणकावर उजळून आणि त्यांचे अल्बम सजवून उदरनिर्वाह करणाऱ्या व्यावसायिकांपुढे जुने यंत्र बदलण्याची वेळ आली की एक प्रश्न हटकून उभा राहतो: इंटेल किंवा एएमडीचा परिचित प्रोसेसर घ्यावा, की ॲपलच्या एम-मालिकेतला अथवा स्नॅपड्रॅगन नावाने विकला जाणारा नव्या घडणीचा प्रोसेसर घ्यावा? या प्रश्नाला जी उत्तरे मिळतात, त्यांतील काही दहा वर्षांपूर्वी खरी होती, काही कधीच खरी नव्हती, आणि जी गोष्ट सर्वांआधी विचारायला हवी ती बहुधा कोणी सांगत नाही. कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या माणसाचे नुकसान निव्वळ ऐकीव माहितीमुळे व्हावे, हे मला फार खटकते. म्हणून ही कैफियत.

पहिला आक्षेप असा की, हे मोबाइलचे प्रोसेसर, त्यांना जड काम झेपणार नाही. एआरएम नावाची ही घडण मोबाइलमुळे घरोघर पोचली एवढे खरे. परंतु तिचा जन्म मोबाइलसाठी झालेला नाही. इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने ती आपल्या टेबलावरच्या संगणकांसाठी रचली आणि तिचा पहिला प्रोसेसर एप्रिल १९८५ मध्ये चालू झाला. विजेचा अल्प वापर हा तिचा गुण मोबाइल बनवणाऱ्यांच्या उपयोगी पडला तो पुष्कळ नंतर. जून २०२० मध्ये जगातील सर्वांत वेगवान ठरलेला जपानचा फुगाकू हा महासंगणक याच घडणीचा होता. ज्या घडणीवर महासंगणक उभा राहतो, तिला अल्बमचे पान पेलणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रचलित आहे आणि त्याचे मूळ एका खऱ्या घटनेत आहे. ‘फोटोशॉप त्यावर चालतच नाही,’ असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, ते २०१२ सालच्या विंडोज आरटी या प्रणालीविषयी अक्षरशः खरे होते; त्या प्रणालीवर बाहेरून आणलेले नेहमीचे एकही सॉफ्टवेअर बसवता येत नसे. २०१७ मध्ये विंडोज १० ला एआरएमवर ३२-बिट जुनी सॉफ्टवेअरे भाषांतर करून चालवण्याची शक्ती आली, २०२१ मध्ये विंडोज ११ ला ६४-बिट सॉफ्टवेअरांसाठीही ती मिळाली, आणि २०२४ मध्ये स्नॅपड्रॅगन एक्सच्या यंत्रांबरोबर प्रिझम नावाचा अधिक वेगवान भाषांतरकार आला. इकडे ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ बाहेर काढला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लाइटरूम आणि मार्च २०२१ मध्ये फोटोशॉप ही त्या प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत उपलब्ध झाली. विंडोजच्या एआरएम यंत्रांसाठीही फोटोशॉप २०२१ मध्येच आले. अर्थात हा आक्षेप मोडीत निघून बराच काळ लोटला आहे.

येथे ‘स्वतःच्या भाषेत’ आणि ‘भाषांतर करून’ यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. प्रत्येक घडणीच्या प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात; इंटेलसाठी लिहिलेल्या आज्ञा एआरएमला मुळात कळत नाहीत. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आदिलशहा फारुकीच्या काळचे, म्हणजे १५९० च्या सुमाराचे, अरबी आणि संस्कृत असे दोन्ही लेख कोरलेले आहेत. ज्याला जी भाषा येते ती त्याने वाचावी, मध्ये दुभाष्याची गरज नाही. मॅकवरची ‘युनिव्हर्सल’ सॉफ्टवेअरे अशीच दोन्ही आज्ञासंच पोटात बाळगून येतात. ज्यांच्यापाशी एकच, जुना संच असतो, त्यांच्यासाठी ॲपलचा रोझेटा हा दुभाषी उभा राहतो. तो बहुतेक भाषांतर सॉफ्टवेअर प्रथम उघडतानाच उरकून ठेवतो, त्यामुळे पहिल्यांदा विलंब लागतो आणि पुढे काम सुरळीत चालते. मात्र ही चाकरी कायमची नाही: सर्वसाधारण वापरासाठी रोझेटा मॅक-ओएस २७ पर्यंतच राहील, असे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. ज्याचा धंदा एखाद्या जुन्या, मागे पडलेल्या सॉफ्टवेअरवर उभा आहे, त्याने ही मुदत ध्यानात धरावी.

भाषांतरामुळे फोटोचे रंग बिघडतात, हा समज मात्र निराधार आहे. भाषांतर आज्ञांचे होते, चित्राचे नव्हे. जेपेग, पीएसडी किंवा कॅमेऱ्याच्या रॉ फाइलचा मजकूर कोणत्याही प्रोसेसरवर तोच राहतो आणि भाषांतराची किंमत केवळ वेळेत मोजावी लागते. नव्या लॅपटॉपवर नवरीचा शालू निराळ्या छटेचा दिसत असेल, तर दोष पडद्याचा आणि त्याच्या रंग-प्रोफाइलचा शोधावा.

स्मृतीविषयीचा, म्हणजे रॅमविषयीचा, गैरसमज खर्चाच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. ‘एम-मालिकेतील ८ गिगाबाइट म्हणजे इतरांचे १६,’ हे वाक्य मी विक्रेत्यांच्या तोंडून वारंवार ऐकले आहे. या प्रोसेसरांत मुख्य गणनभाग आणि चित्रगणनाचा भाग एकच स्मृती वापरतात, त्यामुळे तीच माहिती दोन ठिकाणी साठवावी लागत नाही, हे खरे; पण गणित कोणालाच माफ करीत नाही. आपल्याकडे रूढ असलेले १२ बाय ३६ इंचाचे अल्बमचे पान ३०० डीपीआयला घेतले, तर ते ३६०० गुणिले १०८०० म्हणजे सुमारे ३ कोटी ८९ लाख बिंदूंचे होते. तीन रंगांचे तीन बाइट धरले, तर पान भरणारा एकेक थर सुमारे ११७ मेगाबाइटचा, आणि १६-बिटमध्ये त्याच्या दुप्पट. असे दहा-पंधरा थर, पूर्ववत करण्याचा इतिहास आणि शेजारी उघडलेले ब्राउझर यांची बेरीज ८ गिगाबाइटच्या पलीकडे सहज जाते. मग फोटोशॉप डिस्कवर लिहू लागते आणि काम रेंगाळते. खुद्द ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची किमान स्मृती ८ वरून १६ गिगाबाइट केली. एम-मालिकेच्या लॅपटॉपांत ती मागाहून वाढवता येत नाही, तेव्हा हा निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो.

‘एनपीयू’ अर्थात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या स्वतंत्र गणनभागाची जाहिरात मोठी होते. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या कोपायलट-प्लस यंत्रांना त्याची क्षमता सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रियांची असावी, अशी अट आहे. परंतु त्याने प्रत्येक संपादन वेगवान होते, असे नाही. अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास बांधलेल्या बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडारा या भूमिगत जलयोजनेच्या भुयारात उतरून ज्याने फोटो काढला आहे, त्याला तेथील अंधारात चित्रावर उमटणारे रवे परिचित आहेत. ते काढण्यासाठी लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ मध्ये आलेले डीनॉइझ हे साधन मुख्यतः चित्रगणनाच्या भागावर, म्हणजे जीपीयूवर, चालते. अशा कामाचा ज्याला व्याप आहे, त्याने एनपीयूच्या आकड्याआधी जीपीयूची चौकशी करावी.

आता ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते तिच्याकडे येतो. दुभाषी सॉफ्टवेअरचे भाषांतर करतो, ड्रायव्हरचे करीत नाही. प्रणालीच्या गाभ्यात बसणारे ड्रायव्हर नव्या घडणीसाठी वेगळेच लिहावे लागतात, आणि फोटो-प्रिंटर, जुना स्कॅनर, रंगमापक किंवा अल्बमच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे यूएसबी कुलूप, ज्याला सर्व जण डोंगल म्हणतात, यांच्या निर्मात्याने असा ड्रायव्हर दिलाच नसेल, तर फोटोशॉप उत्तम चालूनही दुकान बंद पडते. प्लगइनचेही तसेच: मॅकवर स्वभाषेत चाललेल्या फोटोशॉपमध्ये केवळ इंटेलसाठी लिहिलेले प्लगइन चालत नाही. एम-मालिकेच्या मॅकवर विंडोज थेट बसवू देणारा बूटकॅम्पही नाही. तेथे आभासी यंत्रात एआरएमचे विंडोज बसवता येते, पण डोंगलच्या ड्रायव्हरची अडचण तेथेही पाठ सोडत नाही.

याउलट दोन तक्रारी प्रोसेसरच्या माथी विनाकारण मारल्या जातात. फोटोशॉप सीएस-६ नव्या मॅकवर चालत नाही, याला कारण २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२-बिट भाग बंद झाले हे आहे. इंटेलच्या मॅकवरही तीच गत होते. आणि निमंत्रणपत्रिकेवर ‘श्री’ तुटून येतो, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, हा दोष फोटोशॉपमधील मजकूर-रचनेच्या पर्यायाचा असतो. तेथे दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडून युनिकोड फॉन्ट वापरला की देवनागरी नीट उमटते.

उष्णतेचेही एक सांगायचे राहिले. ही यंत्रे थंड चालतात हे खरे, पण मॅकबुक एअरला पंखा नाही. वैशाखाच्या उकाड्यात लग्नाचे दोन हजार फोटो एका दमात निर्यात करायला लावले, तर ते स्वसंरक्षणार्थ वेग कमी करते. रोज असे काम असणाऱ्याने पंखा असलेलेच यंत्र घ्यावे.

तेव्हा व्यावसायिक बंधुभगिनींना विनंती एवढीच: खरेदीपूर्वी आपल्या दुकानातील प्रिंटर, स्कॅनर, डोंगल आणि प्लगइन यांची यादी करा, प्रत्येकाच्या निर्मात्याकडून एआरएमच्या ड्रायव्हरविषयी खातरजमा करून घ्या, शक्य तर स्वतःचे डोंगल आणि अल्बमचे एक भारी पान घेऊन विक्रेत्याच्या यंत्रावर ते उघडून, छापून पाहा, आणि मगच पैसे मोजा.