आकाशातील घड्याळे

किनारा व दीपगृह दृष्टीआड झाले, तरी कोकणच्या मासेमारी नौकेवरील तांडेलास आपले स्थान कळू शकते. अमेरिकेच्या जी. पी. एस. व्यवस्थेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपले स्थान व वेळ अखंड कळवीत असतात. हा रेडिओसंदेश सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर वेगाने येतो. त्यास लागलेल्या वेळेवरून नौकेवरील यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. खरे पाहता, हे यंत्र होकायंत्रापेक्षा घड्याळाचेच भावंड! तीन अंतरांवरून स्थान ठरते. मग चौथा उपग्रह कशासाठी? यंत्रातील घड्याळ उपग्रहातील आण्विक घड्याळाइतके अचूक नसते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकही अंतरात ३०० मीटरांचा फरक पाडते. खडकाळ बंदराच्या तोंडाशी नौका फुटण्यास तो पुरेसा आहे. चौथ्या संदेशावरून ही चूक दुरुस्त होते. शहरात रुग्णवाहिकेस वाट दाखविणारा मोबाइलही हेच गणित करीत असतो.