त्वचेखालचे पट्टे, त्वचेवरचे खळगे

मांड्या, नितंब आणि काही वेळा पोट किंवा दंड यांवरची त्वचा जागोजागी खळगे पडल्यासारखी, उंचसखल दिसू लागते. या स्थितीला सेल्युलाइट म्हणतात. वयात आलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८० ते ९० टक्के स्त्रियांच्या अंगावर तो कमी-अधिक प्रमाणात असतो; पुरुषांत तो क्वचितच दिसतो. अंगाने बारीक असलेल्या, नेमाने व्यायाम करणाऱ्या स्त्रियांनाही तो चुकत नाही. इतक्या जणींत आढळणाऱ्या आणि शरीराच्या कामात कसलाही अडथळा न आणणाऱ्या गोष्टीला आजार म्हणता येत नाही. तरीही तो अनेकींना खुपतो, कपड्यांची निवड त्यावरून ठरते आणि त्यावरच्या उपचारांवर बराच पैसा खर्च होतो. हे उपचार पारखायचे असतील तर एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो : हा उपचार त्वचेच्या नेमक्या कोणत्या थरावर काम करतो?

खळगा पडतो कसा?

त्वचेचा वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्याखाली कोलॅजेनच्या तंतूंनी विणलेली अंतस्त्वचा असते आणि त्याखाली चरबीचा थर. अंतस्त्वचेपासून निघून चरबीतून आरपार जाणारे तंतुमय पट्टे खाली स्नायूंवरच्या आवरणाला जोडलेले असतात. त्वचा जागच्या जागी धरून ठेवणे हे त्यांचे काम. चरबीचे कप्पे वर दाबले जातात, पट्टे मात्र त्वचेला खाली ओढून धरतात. गादीला टाके घातले की टाक्यापाशी खळगा आणि आजूबाजूला फुगवटा येतो, तसेच काहीसे इथे घडते.

स्त्री-पुरुषांतला फरक या पट्ट्यांच्या ठेवणीत आहे. जर्मनीतील न्यूर्नबर्गर आणि म्युलर या संशोधकांनी १९७८ साली ऊतींची तपासणी करून दाखवले, की स्त्रियांमध्ये हे पट्टे बहुतांशी उभे, त्वचेशी काटकोनात असतात, तर पुरुषांमध्ये ते तिरके आणि एकमेकांना छेदणारे असतात. तिरक्या जाळीत चरबी अडकून राहते. उभ्या पट्ट्यांमधून ती वर डोकावते. पुरुषांची अंतस्त्वचा जाडही असते. पुढे एमआरआय तपासणीतही खळग्यांच्या बरोबर खाली जाड पट्टे दिसून आले.

याला इस्ट्रोजेन या संप्रेरकाची जोड मिळते. म्हणूनच वयात येणे, गरोदरपण यांसारख्या टप्प्यांवर सेल्युलाइट पहिल्यांदा जाणवतो किंवा वाढतो. वय वाढते तशी अंतस्त्वचा पातळ आणि सैल होत जाते, आणि तेच खळगे जास्त ठळक दिसतात. वजन वाढले की चरबीचे कप्पे फुगतात. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. थोडक्यात, सेल्युलाइट हा केवळ चरबीचा प्रश्न नाही. पट्टे, चरबी आणि त्वचेचा ताठपणा या तिन्हींचा तो मिळून परिणाम आहे.

फ्रान्समधील अल्क्विए आणि पाव्हियो या डॉक्टरांनी १९२० साली त्याचे वर्णन केले होते. सर्वसामान्यांपर्यंत तो ‘दोष’ म्हणून पोहोचला तो बराच नंतर : १९६८ मध्ये ‘व्होग’ मासिकाने अमेरिकी वाचकांना त्याची ओळख करून दिली आणि १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्यूटी सलून चालवणाऱ्या निकोल रोन्सार यांचे त्यावरचे पुस्तक गाजले. त्यानंतर उपचारांची रीघ लागली.

तपासणी

चांगली तपासणी उभ्या स्थितीत होते. स्नायू सैल सोडायचे आणि प्रकाश वरून किंवा बाजूने पडेल असा ठेवायचा, म्हणजे खळग्यांच्या सावल्या स्पष्ट दिसतात. न्यूर्नबर्गर-म्युलर श्रेणीनुसार, त्वचा चिमटीत धरल्यावरच खळगे दिसले तर पहिली पायरी, उभे असताना दिसून आडवे झाल्यावर नाहीसे झाले तर दुसरी, आणि दोन्ही वेळा दिसले तर तिसरी. ब्राझीलच्या त्वचातज्ज्ञ डोरिस हेक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अधिक बारकाईची मोजपट्टी दिली. तीत खळग्यांची संख्या, त्यांची खोली, त्वचेचा सैलपणा अशा पाच बाबींना गुण देऊन १५ पैकी बेरीज केली जाते. ५ पर्यंत सौम्य, १० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. या तपासणीचा मुख्य उपयोग असा, की मोजके खोल खळगे आहेत की सगळी त्वचाच सैल पडून लहरी उठल्या आहेत, हे कळते. उपचार त्यावरच ठरतो.

त्वचा लाल, गरम, सुजलेली आणि दुखरी असेल, ताप असेल, तर तो सेल्युलाइट नव्हे. तो सेल्युलायटिस नावाचा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यासाठी तातडीने डॉक्टरांकडे जावे लागते.

वरच्या थरावरचे उपाय

क्रीममध्ये बहुधा कॅफीन किंवा रेटिनॉल असते. प्रयोगशाळेत कॅफीन चरबीच्या पेशींना चरबी सोडायला लावते. पण क्रीममधून ते त्या खोलीपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. त्वचेतले पाणी थोडे कमी होऊन काही तास ती घट्ट भासते, इतकेच. रेटिनॉल काही महिने नेमाने लावल्यास अंतस्त्वचा किंचित जाड होते आणि खळगे जरा झाकले जातात. गरोदरपणात मात्र ते टाळायचे. पट्ट्यांवर कोणत्याही क्रीमचा परिणाम होत नाही.

मसाज आणि हवेच्या ओढीने त्वचा रोलरमध्ये उचलून मळणारी यंत्रे याच्या पुढची पायरी. फ्रान्सच्या लुई-पॉल गिते यांनी १९८०च्या दशकात आणलेले एंडर्मोलॉजी हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये त्याला सेल्युलाइट दिसण्यात ‘तात्पुरती घट’ एवढाच दावा करण्याची मुभा दिली. रक्ताभिसरण वाढते, साचलेले पाणी हलते, त्वचा काही दिवस तुकतुकीत दिसते. सत्रे थांबली की परिणामही ओसरतो.

उष्णता आणि कंपने

रेडिओफ्रिक्वेन्सी उपचारात विद्युतचुंबकीय ऊर्जेने अंतस्त्वचा तापवली जाते. मांडीवर जेल लावून हातातले उपकरण सतत फिरते ठेवतात आणि पृष्ठभागाचे तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटे राखतात. हात एका जागी थांबला तर भाजू शकते, तापमान कमी पडले तर काहीच साधत नाही. सगळे कसब या टापूत टिकून राहण्यात आहे. उष्णतेने जुने कोलॅजेन आकसते आणि पुढच्या काही महिन्यांत नवे तयार होते. म्हणून परिणाम लगेच न दिसता ३ ते ६ महिन्यांत दिसतो आणि टिकवण्यासाठी अधूनमधून सत्रे घ्यावी लागतात. सैल त्वचेला याचा फायदा होतो. खोल खळग्याला फारसा नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा उपचार घेऊ नये.

ध्वनिलहरींचा, म्हणजे शॉकवेव्हचा उपचार मुतखडा फोडण्याच्या तंत्रातून आला. कमी तीव्रतेच्या लहरी त्वचेवर आदळवून रक्तपुरवठा आणि कोलॅजेन वाढवण्याचा त्यात प्रयत्न असतो. अनेक सत्रांनंतर मध्यम सुधारणा होते.

पट्टा सोडवणे

खोल, सुट्या खळग्यांवर सर्वांत टिकाऊ उत्तर म्हणजे तो ओढून धरणारा पट्टा कापणे. या पद्धतीला सबसिजन म्हणतात. टाके नाहीत, भूल फक्त त्या जागेपुरती. तरी सुई त्वचेखाली जात असल्याने ही शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावरची प्रक्रिया आहे. हेक्सेल आणि माझुको यांनी २००० साली सेल्युलाइटसाठी तिचे अनुभव प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या यंत्राने तिला नेमकेपणा दिला.

प्रक्रिया सुरू होण्याआधीच तिचा कळीचा भाग उरकतो. रुग्ण उभी असताना डॉक्टर प्रत्येक खळग्याभोवती पेनाने खूण करतात, कारण ती पालथी झोपली की बरेचसे खळगे दिसेनासे होतात. मग यंत्राची वाटी त्वचा हवेच्या ओढीने आत खेचून स्थिर धरते, भुलीचे औषध पसरवले जाते आणि ६ किंवा १० मिलिमीटर खोलीवर बारीक पाते आडवे फिरून पट्टा कापते. खुणेच्या रेषेबाहेर पाते जात नाही. पुढे काही आठवडे काळेनिळे डाग, दुखरेपणा आणि घट्ट कपड्यांचा आधार. एकाच बैठकीचा परिणाम तीन वर्षांपर्यंत टिकल्याच्या नोंदी आहेत. लेझरचा बारीक तंतू त्वचेखाली घालून पट्टे वितळवण्याची पद्धत २०१२ पासून, तर सुईशिवाय वेगवान ध्वनिलहरींनी पट्टे सैल करण्याची पद्धत अलीकडे वापरात आली.

पट्टे इंजेक्शनने विरघळवण्याचा प्रयत्न मात्र बोधप्रद ठरला. हाताची बोटे वाकवून टाकणाऱ्या डुप्यित्रेनच्या विकारावर वापरले जाणारे कोलॅजेनेझ हे विकर २०२० मध्ये अमेरिकेत नितंबांवरच्या सेल्युलाइटसाठी मंजूर झाले. खळगे खरोखर कमी होत होते; पण रक्त साकळून पडणारे मोठे डाग आणि दीर्घकाळ राहणारा रंगबदल यांमुळे उत्पादक कंपनीने २०२२ च्या अखेरीस ते थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. मंजुरी मिळालेला उपचारही वर्ष-दोन वर्षांच्या वापरानंतरच नीट कळतो.

त्वचा पातळ आणि सैल असेल तर पॉली-एल-लॅक्टिक आम्ल किंवा पातळ केलेले कॅल्शियम हायड्रॉक्सिअपेटाइट टोचून कोलॅजेन वाढवतात. यासाठी अनुभवी हात लागतो; द्रव्य एका जागी साचले तर गाठ होते.

चरबी कमी करणे म्हणजे सेल्युलाइट जाणे नव्हे

चरबी गोठवण्याचा क्रायोलिपोलिसिस हा उपचार सेल्युलाइटवर म्हणून विकला जातो. चरबीच्या पेशी थंडीने इतर पेशींआधी मरतात, यावर तो बेतलेला आहे. त्याने चरबीचा उंचवटा कमी होतो. पट्टे तसेच राहतात. क्वचित उलटे घडून त्या जागी चरबी कठीण होऊन वाढते. प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हॅन्जेलिस्टा यांनी २०२१ मध्ये आपल्याबाबत असे झाल्याचे जाहीर केले होते. चरबी वितळवणाऱ्या मिश्र इंजेक्शनांबाबत अमेरिकी प्रशासनाने २०१० मध्ये इशारा दिला होता. अशा इंजेक्शनांतून क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतल्या जंतूंचा हट्टी संसर्ग झाल्याचीही उदाहरणे आहेत.

आहार आणि व्यायामाचे स्थान वेगळे आहे. वाढलेले वजन हळूहळू उतरले आणि मांडीचे स्नायू भरले, तर वरची त्वचा पुष्कळदा सारखी दिसते. वजन झपाट्याने घटले तर त्वचा सैल पडून खळगे उलट ठळक होतात.

अंगावरच्या त्वचेच्या इतर तक्रारी

ताणाचे व्रण (स्ट्रेच मार्क्स) लाल-जांभळे असताना उपचारांना चांगली दाद देतात. पांढरे झाल्यावर मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेझरने त्यांचा पोत सुधारतो, पण ते पूर्ण पुसले जात नाहीत. दंड आणि मांड्यांवरचे खरखरीत बारीक पुरळ, म्हणजे केराटोसिस पिलॅरिस, युरिया, लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक आम्ल असलेल्या मलमाने मऊ पडते. वज्रीने घासल्यास चिडते आणि काळे डाग मागे ठेवते. मानेवर, काखेत मखमलीसारखा जाड काळेपणा आला तर अनेक घरांत मळ समजून घासघास होते. बहुधा ते इन्शुलिन नीट काम करत नसल्याचे लक्षण असते. तिथे पीलिंगच्या, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलून काढण्याच्या आधी रक्तातली साखर तपासावी.

सावळ्या त्वचेची काळजी

थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेची वर्गवारी मांडली. भारतीय त्वचा मुख्यतः तिच्या चौथ्या-पाचव्या प्रकारात येते. अशा त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी सहज चेततात. भाजणे, रक्त साकळणे, जोरात घासणे, यांतले काहीही झाले तरी मागे तपकिरी डाग राहतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. गोऱ्या रुग्णांवर ठरलेली लेझरची मात्रा इथे जशीच्या तशी चालत नाही. आधी छोट्या जागेवर चाचणी घेणे, मात्रा कमी ठेवणे आणि दोन सत्रांत पुरेसे अंतर राखणे आवश्यक असते. केलॉइड (जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड व्रण) होण्याची प्रवृत्ती, रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेह यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यायला हवी.

पैसे भरण्याआधी

सौंदर्योपचारांचा खर्च आरोग्यविम्यात सहसा मिळत नाही, म्हणून दहा-बारा सत्रांचे पॅकेज एकरकमी घेण्याआधी काही गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. उपचार कोणत्या थरावर आहे, परिणाम कधी दिसेल आणि किती टिकेल? पाते, सुई किंवा लेझर प्रत्यक्ष कोण चालवणार : त्वचातज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जन, की थोडे दिवस प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी? आधीचे-नंतरचे फोटो एकाच प्रकाशात, एकाच उभ्या स्थितीत काढलेले आहेत का? समोरून पडणारा प्रखर प्रकाश सावल्या पुसतो आणि कोणताही सेल्युलाइट कमी दाखवतो.

मोजके खोल खळगे असतील तर पट्टा सोडवणारी पद्धत, त्वचा सैल असेल तर उष्णता किंवा कोलॅजेन वाढवणारी इंजेक्शने, चरबी जास्त असेल तर आधी वजन, आणि पृष्ठभाग खरखरीत असेल तर योग्य मलम, अशी ही निवड आहे. यांतला कोणताही उपाय सेल्युलाइट समूळ घालवत नाही. चांगल्या हाती तो ठळकपणा कमी करतो. आणि ज्या स्त्रीला सेल्युलाइट खुपत नाही, तिने वैद्यकीयदृष्ट्या काहीही करण्याची गरज नाही.